घटिका, तास आणि विद्यार्थ्याचा वेळ

विद्यार्थ्याने अभ्यासाचा वेळ कसा वाटून घ्यावा हे सांगणारी भ्रमणध्वनीवरील साधने, ज्यांना बोलीत सरसकट ‘ॲप’ म्हणतात, आज सर्वत्र प्रचारात आहेत. त्यांतील पुष्कळांची रचना एकाच पद्धतीवर उभी आहे : पंचवीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे विश्रांती. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे यंत्र समोर ठेवून ही पद्धत बसविली. म्हणूनच तिला ‘पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटो, हे नाव मिळाले.

आपल्याकडील घटिका चोवीस मिनिटांची. या दोन मापांत वंशसंबंध काही नाही; साम्य केवळ योगायोगाचे आहे. तथापि पात्रावरून किंवा यंत्रावरून काळाच्या मापास नाव पडावे ही प्रवृत्ती दोन्हीकडे दिसते, आणि तिचा मराठीतील इतिहास पाहण्याजोगा आहे.

‘घटिका’ हा शब्द ‘घट’ या शब्दापासून आला. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. अशा साठ घटिकांची अहोरात्र, साडेसात घटिकांचा प्रहर, आणि घटिकेचा साठावा भाग म्हणजे पळ. ‘घटका भरणे’ या वाक्प्रचारातील भरणे हे मुळात या वाटीचे भरणे होय. ‘घड्याळ’ हा शब्दही याच कुळातला. ‘तास’ हा मात्र फारसीतून आलेला असून तेथे त्याचा अर्थ पेला किंवा वाटी असा आहे. मराठीत तो प्रथम ठोका देण्याच्या काशाच्या थाळीस लागला आणि पुढे त्या ठोक्याने दर्शविलेल्या कालावधीस. ‘तास वाजला’ असे आपण म्हणतो, ‘मिनिट वाजले’ असे कधी म्हणत नाही, याचे कारण हेच.

या शब्दांमागील व्यवहार सार्वजनिक होता हे ध्यानात घेतले पाहिजे. वाटीवर कोणी तरी नजर ठेवी, थाळीवर टोला देई, आणि तो ऐकू येईल त्या सर्वांचा काळ एक होई. याचा अर्थ व्यक्तीने आपला दिवस आखावा ही कल्पना आपल्याकडे नव्हती असा नव्हे. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातील ‘सिकवण निरूपण’ या तिसऱ्या समासात समर्थांनी पहाटे उठण्यापासून दिनक्रम घालून दिला आहे, आणि क्षण रिकामा न दवडण्याची आच तेथे पूर्णपणे आहे. परंतु तो दिनक्रम कामांच्या क्रमाने बांधलेला आहे, मोजमापाने नव्हे.

मोजमाप सर्वत्र एकच करण्याचे पाऊल १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळेने टाकले. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईत तिला मोठा विरोध झाला, आणि तेथील महानगरपालिकेने जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथील सूर्यही प्रमाणवेळेच्या मागे सुमारे २९ मिनिटे, म्हणजे एका घटकेहून थोडा अधिक, चालतो. शाळेची घंटा एका वेळेची आणि शेतातली पहाट दुसऱ्या वेळेची, असे द्वैत तेथपासून आहे.

येथे व्याकरणाची साक्ष उपयोगी पडते. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘वेळ गेला’ यातील पुल्लिंगी वेळ म्हणजे कालावधी. तो मोजता, वाचविता आणि दवडता येतो. ‘वेळ आली’ यातील स्त्रीलिंगी वेळ म्हणजे प्रसंग किंवा नेमका क्षण. तो बाहेरून येतो आणि आपणास गाठतो. संस्कृत ‘वेला’ या शब्दाचा मर्यादा, किनारा हा अर्थ तिच्यात अजून जागा आहे. ‘वेळेचे व्यवस्थापन’ या नव्या शब्दप्रयोगात रूप स्त्रीलिंगाचे, पण अभिप्रेत अर्थ पुल्लिंगाचा. वेळ ही ज्याची त्याची मालमत्ता आहे, असे तो गृहीत धरतो.

जामखेडच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहावे लागते. हा अवर्षणप्रवण तालुका. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीस जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. शाळेचे दुसरे सत्र आणि वार्षिक परीक्षेची तयारी नेमकी याच महिन्यांत येते. मागे राहिलेल्या मुलाकडे धाकटी भावंडे, जनावरे आणि पाणी. खेड्यावरून येणाऱ्याला एस. टी.ची वेळ सांभाळणे प्राप्तच. या साऱ्या स्त्रीलिंगी वेळा आहेत. त्या त्याने ठरविलेल्या नाहीत, आणि पंचवीस मिनिटांच्या चौकटीत त्यांना घर नाही.

यावरून ही साधने निरुपयोगी ठरतात असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. हाती आलेली घटका वाया जाऊ नये यासाठी ती साह्य करतात, आणि समर्थांची शिकवणही त्याहून फार वेगळी नाही. आक्षेप आहे तो दोषाच्या वाटणीला. टोला गावाचा होता तेव्हा चुकलेली वेळही काही अंशी गावाची होती. गजर खिशात आल्यावर चुकीचा सारा हिशेब एकट्या विद्यार्थ्याच्या नावे पडतो. अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला ‘वेळ कसा घालविलास?’ हा एकच प्रश्न विचारून भागणार नाही; त्याच्यावर कोणकोणत्या वेळा आल्या, हेही शिक्षकाने विचारावे. हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सोय आपल्या भाषेने पूर्वीच करून ठेवली आहे.