कीर्तिवंतांचे आजारपण आणि लोकवर्गणी

मराठी काव्याच्या इतिहासात हुबळी या गावाचे नाव एका दुःखद कारणाने नोंदले गेले आहे. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, प्लेगच्या साथीत याच गावी निवर्तले. वय अवघे ३९ वर्षांचे. मुंबई, भडगाव, फैजपूर अशा ठिकाणी तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करीत ते १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले होते. हुबळीला आप्तांकडे गेले असता त्यांना रोगाने गाठले. पाठोपाठ आठवड्याभरात त्यांच्या पत्नीही त्याच रोगाने गेल्या आणि लहान मुली पोरक्या झाल्या.

आज ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून आपण ओळखतो, त्यांच्यासाठी महाराष्ट्राने त्या वेळी झोळी फिरवावी इतकी कीर्ती त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. त्यांच्या कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या. हरि नारायण आपटे यांनी त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तो १९१७ साली, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. परंतु समजा, १९०५ साली हजारो रुपयांचा निधी जमला असता, तरी त्याने केशवसुतांचे प्राण वाचले असते काय? नाही. प्लेगवर त्या काळी रामबाण औषधच नव्हते. पैसेवाला मनुष्य गाव सोडून माळावर राहावयास जाऊ शके, एवढाच काय तो श्रीमंत व गरीब यांच्यातील फरक. एकदा रोग जडला म्हणजे दोघेही सारखेच असहाय. त्या काळी जो उपाय होता तो सार्वजनिक होता. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी खुद्द हुबळीत लस टोचण्याची मोठी मोहीम झाली.

पुढे काळ पालटला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला आणि प्लेग व क्षय या दोन्ही रोगांवर माणसाच्या हाती प्रथमच प्रभावी अस्त्र आले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे सुपुत्र कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयाने अंथरुणाला खिळले. पाच वर्षांच्या दीर्घ दुखण्यानंतर, १९५२ च्या सुमारास, याच नव्या औषधाने ते उठले आणि पुन्हा गाऊ लागले. पन्नास वर्षांपूर्वी हे अशक्य होते. पण औषध आले तशी औषधाची किंमतही आली. पुढे हृदयावरील शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे रोपण, कर्करोगावरील उपचार ही सारी साधने मनुष्याच्या आवाक्यात आली, ती सर्वांच्या खिशाच्या आवाक्यात मात्र आली नाहीत. ‘वाचवता येत नाही’ हे एक दुःख. ‘वाचवता येते, पण पैसा नाही’ हे दुसरे. पहिल्या दुःखात दैवाला बोल लावता येतो. दुसऱ्यात समाजाला उत्तर द्यावे लागते.

म्हणूनच अलीकडे एखादा वृद्ध नट, गायक वा खेळाडू रुग्णालयात पडला की, त्याच्यासाठी मदतीचे आवाहन निघते. पूर्वी ते वृत्तपत्रांतून निघे, आता मोबाइलच्या पडद्यावर निघते आणि चार तासांत घरोघर पोहोचते. लोक देतात, मनापासून देतात. पण देता देता त्यांच्या मनात काही प्रश्नही उभे राहतात. इतक्या नामवंत मनुष्यावर ही पाळी का यावी? समाजावर त्याचा हक्क आहे तो कोणत्या नात्याने? पैशाचा हिशेब कोण देणार? आणि शेजारच्या खाटेवरील अनामिक रुग्णाचे काय? हे प्रश्न कृपण मनाचे नव्हेत. इतिहासाने ते वारंवार विचारले आहेत आणि त्यांची काही उत्तरेही दिली आहेत.

महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी, पावसाळ्याच्या सुमारास, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. एके काळी कंत्राटदारीत चांगला पैसा मिळविणाऱ्या या पुरुषाने आपली मिळकत शाळा, आश्रित व समाजकार्य यांत खर्ची घातली होती. त्यामुळे आजारपणात हाताशी काही उरले नाही. तरीही डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. १८९० साली त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून फुले दांपत्याची विपन्नावस्था कळवली. त्याच वर्षी, २८ नोव्हेंबरला, जोतीरावांचे निधन झाले.

या प्रसंगात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पदवी देणे समाजाला सोपे जाते, पथ्यपाणी पुरविणे अवघड जाते. सत्काराच्या सभेला हजारो जमतात. दुखण्याच्या खोलीत एखादा परमानंद आणि एखादा घोलेच उरतो. दुसरी गोष्ट मागण्याच्या रीतीची. परमानंदांनी एका स्नेह्याच्या नात्याने, एका समर्थ माणसाकडे, एक पत्र लिहिले. त्यात रोग्याच्या वेदनेचे प्रदर्शन चव्हाट्यावर मांडावे लागले नाही. मात्र या रीतीलाही मर्यादा होती. ज्याला परमानंदांसारखा मित्र नाही आणि ज्याच्या राज्यात सयाजीरावांसारखा राजा नाही, त्याने कोणाला पत्र लिहावे?

राजाश्रयाची जागा हळूहळू लोकाश्रयाने घेतली. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. टिळकांनी ती स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला वाहिली. १९१९ साली चिरोल खटला लंडनमध्ये फसला आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला, तेव्हा लोकांनी पुन्हा निधी उभारून तो भार उचलला. हे पैसे औषधपाण्याचे नव्हते, हे खरे. पण लोकवर्गणीचे नीतिशास्त्र या दोन प्रसंगांतून उमगते. जो खर्च लोकांच्या कार्यापायी झाला तो लोकांनी भरला, आणि जो पैसा गरजेहून अधिक होता तो लोकांच्याच कार्याकडे परत गेला. घेणारा उपकृत झाला नाही, देणाऱ्यानेही उपकार केले असे मानले नाही.

कलावंतांच्या बाबतीत हे नाते अधिक नाजूक असते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’चा खेळ केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. मराठी रंगभूमीने शाळांसाठी, दुष्काळासाठी, देशासाठी कितीतरी मदतीचे खेळ लावले. दुसऱ्यांच्या झोळीत घालणाऱ्या या हातांना म्हातारपणी मात्र स्वतःची झोळी पसरावी लागे. नाटक मंडळी बुडाली की नटाजवळ ना पगार, ना निवृत्तिवेतन, ना घर.

हुबळीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे मराठी संगीत रंगभूमीचे लाडके गायक नट. त्यांनाही उत्तरायुष्यात पक्षाघाताने गाठले. गळा अडला, मैफली थांबल्या, आणि गवयाच्या बाबतीत गळा थांबणे म्हणजे चूल थांबणे. हुबळीच्या गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी, मुंबईचे फिरोज दस्तूर असे शिष्य त्यांनी घडवले होते. शिष्यांची ही निष्ठा हेच त्यांचे मोठे धन ठरले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला, कुंदगोळलाही दर वर्षी संगीतोत्सव होऊ लागला, हुबळीत त्यांच्या नावाचे सभागृह उभे राहिले. हे सारे योग्यच झाले. पण समाजाचा खजिना मृत्यूनंतर जितक्या सहजतेने उघडतो, तितका आजारपणात उघडत नाही, हेही यावरून दिसते.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९५४-५५ साली वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना सुरू झाली. त्या वेळी धारवाड जिल्हाही मुंबई राज्यातच होता. मानधनाची रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे होते. कलावंताला द्यायचे ते भिक्षा म्हणून नव्हे, दर महिन्याचा हक्क म्हणून. तथापि महिन्याच्या मानधनातून घरखर्च कसाबसा भागतो, शस्त्रक्रियेचे बिल भागत नाही. त्यामुळे आवाहने थांबली नाहीत.

हा अनुभव आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेची मेरी लू रेटन ही १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेती जिम्नॅस्टिकपटू. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दुर्मिळ न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होती. तिचा आरोग्य विमा नाही असे सांगून तिच्या मुलींनी जनतेकडे ५०,००० डॉलर मागितले. जमले साडेचार लाखांहून अधिक. ती बरी झाली, याचा सर्वांना आनंद झाला. पण लगेच विचारणा सुरू झाली : इतकी नामवंत स्त्री विम्याविना कशी राहिली? उरलेल्या पैशाचे काय होणार? उरलेली रक्कम धर्मादाय कार्याला देऊ, असे कुटुंबीयांनी सांगितले. तरीही कुजबुज थांबली नाही. वर्गणीबरोबर आरंभापासूनच हिशेबाची व्यवस्था नसेल, तर प्रामाणिक मनुष्यही संशयाच्या फेऱ्यात सापडतो, हा त्यातला बोध.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईचे माजी कसोटीपटू विनोद कांबळी यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा दुसराच प्रश्न पुढे आला. १९८३ च्या विश्वचषक विजेत्या संघातील खेळाडूंनी मदतीची तयारी दाखवली, पण कांबळी यांनीही स्वतःच्या उपचारांसाठी पाऊल उचलावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढे २०२५ साली सुनील गावसकर यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या संस्थेने त्यांना दरमहा ३०,००० रुपये देण्याचे ठरवले. जुन्या सहकाऱ्यांनी अट घालावी, हे आपुलकीचे लक्षण होय. पण ज्याने शंभर रुपये दिले नाहीत तोही त्या दिवसांत कांबळी यांच्या सवयींचा निवाडा करू लागला. लोकांच्या पैशाने औषध घेणाऱ्याने आपले सारे खासगी आयुष्य लोकांच्या हवाली करावे काय? उपचाराचा खर्च किती, तो कोठे गेला, हे विचारण्याचा देणाऱ्याला हक्क आहे. रोग्याच्या आयुष्याचा न्यायनिवाडा करण्याचा हक्क वर्गणीच्या पावतीबरोबर मिळत नाही.

आता राहतो शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले. धारवाडबरोबरच गदग, हावेरी, बागलकोट, कारवार या भागांतील गोरगरीब त्याच्या रुग्णालयाच्या दारी येतात. त्यांत कोणी हमाल, कोणी विणकर, कोणी शेतमजूर. त्यांना कोणी ओळखत नाही, त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. आवाहनाचे यश जर कीर्तीवर अवलंबून असेल, तर ज्याला कीर्ती नाही त्याने काय करावे? प्रसिद्ध माणसाला मदत करू नये, असा याचा अर्थ नाही. ज्याने आपल्याला आनंद दिला, विचार दिला, त्याचे ऋण फेडणे हे सुसंस्कृतपणाचेच लक्षण होय. परंतु ऋण फेडणे ही एक गोष्ट आणि आजारी माणसाला उपचार मिळणे ही दुसरी. पहिली कृतज्ञतेवर चालते. दुसरी कृतज्ञतेवर सोडून भागत नाही.

याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. केशवसुत ज्या वर्षी निवर्तले त्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, त्याच जुन्या धारवाड जिल्ह्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली. देशातील सहकारी चळवळीच्या अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. तत्त्व साधे होते : अडचण आल्यावर सावकाराच्या पाया पडण्यापेक्षा, अडचण येण्यापूर्वी सर्वांनी थोडे थोडे एकत्र ठेवावे. पुढे २००३ साली कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी ‘यशस्विनी’ योजना आली. सभासदाने महिन्याला पाच रुपये भरावयाचे, शासनाने भर घालावयाची, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर खर्च योजनेने सोसावयाचा. २०१८ साली ती थांबली, २०२२ साली पुन्हा हाती घेण्यात आली. अशा योजनांत उणिवा असतात. सगळे रोग त्यांत बसत नाहीत, सगळी रुग्णालये त्यांत येत नाहीत. पण त्यांत रोग्याला आपले नाव किती मोठे आहे हे सिद्ध करावे लागत नाही.

२०१७ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या आरोग्य योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले. ज्या पुरुषाच्या आजारपणात मित्राला राजाकडे पत्र लिहावे लागले, त्याचेच नाव गरिबाच्या उपचारपत्रावर यावे, यात इतिहासाचा न्याय आहे, तसा इशाराही आहे. नाव देणे हा मोबदला नव्हे. ज्या गावात नामवंतासाठी झोळी फिरते, त्या गावाने ती जरूर भरावी, हिशेब मागावा, उरलेला पैसा दुसऱ्या रोग्याकडे जाईल असे पाहावे, आणि रोग्याची लाज राखावी. मात्र झोळी भरल्यावर आपले कर्तव्य संपले असे त्याने मानू नये. कणगिनहाळच्या शेतकऱ्यांनी जे कर्जाच्या बाबतीत केले, ते दुखण्याच्या बाबतीत आपल्या पेठेत, आपल्या संस्थेत, आपल्या पंचायतीत झाले आहे काय, हे प्रत्येकाने दुखणे येण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.