ज्याचं केंद्र बाहेर आहे

इ. स. १४०चा मार्च. तुम्ही अलेक्झांड्रियातल्या एका व्यायामशाळेच्या अंगणात उभे आहात. खारा वारा अंगाला लागतोय. समोर काशाचं मोठं कडं, विषुववृत्ताच्या पातळीत तिरकं बसवलेलं. त्याच्या वरच्या अर्ध्या भागाची सावली खालच्या अर्ध्या भागाच्या आतल्या बाजूवर पडते. ती बरोबर मधोमध आली की दिवस-रात्र समान, म्हणजेच संपात. शेजारी उभ्या असलेल्या खगोलज्ञ क्लॉडियस टॉलेमीचा मात्र या कड्यावर भरवसा नाही. ते जुनं आहे, जागचं हललंय. एकाच संपाताला त्यावरचा उजेड कधी कधी दोनदा बाजू बदलतो. हेही तो ग्रंथात नोंदवणार आहे. मला हा माणूस इथेच आवडतो.

त्याच्यामागे मेणाच्या पाटीपाशी चला. वसंतसंपातापासून उन्हाळ्यातल्या अयनदिनापर्यंत ९४½ दिवस, तिथून शरदसंपातापर्यंत ९२½. उरलेलं निम्मं वर्तुळ सूर्य १७८ दिवसांच्या आसपासच संपवतो. सूर्य वर्तुळात आणि एकाच वेगानं फिरतो, हे तर टॉलेमीला सोडायचं नाही. मग तो सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या हिप्पार्कसची युक्ती पुन्हा पडताळतो. कर्कटकाचं टोक रोवून वर्तुळ काढतो आणि पृथ्वीचा ठिपका त्या टोकावर न देता बाजूला देतो, त्रिज्येच्या चोविसाव्या भागाइतका. हिशेब जुळतो.

रोवलेल्या त्या टोकाला ग्रीकमध्ये ‘केंट्रॉन’ म्हणतात. बैल हाकायच्या पराणीलाही हाच शब्द. आपलं ‘केंद्र’ संस्कृत ज्योतिषातून आलं, तेही याच शब्दावरून. ‘एक्’ म्हणजे बाहेर. पृथ्वीबाहेर केंद्र असलेलं हे वर्तुळ ‘एक्केंट्रॉस’. पाटीवर नीट बघा, ते कुठेही चेपलेलं नाही. सूर्य कधी रेंगाळतो, कधी घाई करतो असं वाटतं, कारण आपण त्या वर्तुळाच्या केंद्रावर उभे नाही.

११५०. सह्याद्रीच्या कुशीत छत्तीस वर्षांचे भास्कराचार्य ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहितायत. अशा वर्तुळाला त्यांच्याकडे नाव आहे प्रतिवृत्त.

सतराव्या शतकात केप्लर ग्रहांना लंबवर्तुळात फिरवतो. त्याच शतकात इंग्लंडमध्ये ‘एक्केंट्रॉस’वरून आलेलं ‘एक्सेंट्रिक’ हे विशेषण आकाशातून खाली उतरतं आणि चारचौघांसारखं न वागणाऱ्या माणसाला लागतं. आपण अशा माणसाला विक्षिप्त म्हणतो, आणि त्यात चित्त विखुरल्याचा आरोप असतो. ग्रीक शब्दात तो नव्हता.

१८५९, लंडन. जॉन स्टुअर्ट मिलचं ‘ऑन लिबर्टी’ नुकतंच छापून आलंय. पानं उलटा. चारित्र्याचं बळ जिथे भरपूर तिथे असली माणसंही भरपूर, असं तो बजावतो. तसं राहायला फार थोडे धजावतात, हाच त्याला काळाचा मोठा धोका वाटतो.

हे विचार पचवलेला एक माणूस पुण्यात आहे, म्हणून शेवटी तिथे थांबा. रस्त्यावरून अंत्ययात्रा चाललीय. ज्यांच्या नावानं ती काढलीय ते गोपाळ गणेश आगरकर जिवंत आहेत. यात्रा काढणाऱ्या सनातन्यांना ते वाट चुकलेले वाटतात. आगरकरांचा विचार मात्र एकाच ठिकाणाभोवती फिरतो, आणि ते ठिकाण आहे माणसाची विवेकबुद्धी. केशवपन, संमतिवय, मुलींचं शिक्षण, सगळं ते तिथूनच मोजतात. १८८८ साली काढलेल्या ‘सुधारक’ पत्रात ते हेच लिहीत राहतात आणि १८९५ साली, चाळिशीही गाठण्याआधी, जातात.