गूळपाणी, साखरगाठी आणि चूळ

मराठी माणसाला फार आनंद झाला की तो हत्तीवरून साखर वाटतो. सोयरीक पक्की झाली की साखरपुडा होतो, चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडते, आणि लहानपण कशासाठी हवे, तर मुंगी होऊन साखर खाता यावी म्हणून. भाषेत एखादा पदार्थ इतक्या मानाच्या जागी बसतो तो रोज ताटात असतो म्हणून नव्हे, क्वचित मिळतो म्हणून. ज्वारीचा पुडा देऊन कोणी लग्न ठरवल्याचे ऐकिवात नाही. आमच्या घराण्याच्या बोलण्यात साखर भरपूर होती, खाण्यात मात्र जवळजवळ नव्हती. घरातल्या जुन्या माणसांच्या दातांचा विचार करताना मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते.

आमचे गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेला. पणजोबा ऐंशीच्या घरात असताना दातांनी ऊस सोलत, अशी कथा घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिचे सारे श्रेय लिंबाच्या दातवणाला दिले जाते. (आमच्याकडे कडुनिंबाला नुसते लिंबच म्हणतात.) अशी कथा बहुतेक घरांत असते. मला तिच्यातल्या पणजोबांविषयी शंका नाही, श्रेयाविषयी आहे. वारशातली कोणती गोष्ट खरोखर कामाची होती, कोणती निरुपद्रवी होती आणि कोणती घातक होती, हे वेगवेगळे करून पाहिल्याशिवाय वारसा पुढच्या पिढीच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते.

दात स्वच्छ ठेवण्याचा आग्रह आमच्या मुलखाला नवा नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबेचा. ते जांबसमर्थ आज जालना जिल्ह्यातच, आमच्याच तालुक्यात आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्या समासात मूर्खांची लक्षणे दिली आहेत. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र आणि पाय सदा मळलेले, तोही तिथे मूर्खांच्याच पंगतीला बसवला आहे. यादीत दातांचा मान पहिला, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हा मुलांना ऐकवण्यासाठी बरोबर हेरून ठेवले होते.

दातवणाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची नावे येतात. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ. चवीला तुरट, तिखट किंवा कडू. आणि तिचे टोक चावून मऊ केलेले. या वर्णनातले दोन शब्द पुढच्या पिढ्यांनी गाळून टाकले, असे मला वाटते. वाग्भट दात सकाळी घासायला सांगतो आणि जेवल्यानंतरही. आमच्या घरात दातवण म्हणजे पहाटेचा, तोंड धुण्याआधीचा विधी. दिवसभर खाल्लेले रात्रभर दातांवर राहिले तरी कोणाला त्याचे काही वाटत नसे.

सुश्रुताने दातांचे जे रोग सांगितले आहेत त्यांत एकाचे नाव कृमिदंतक आणि दुसऱ्याचे दंतशर्करा. दंतशर्करा म्हणजे दातांवर जमून घट्ट बसणारे खडबडीत कीटण. साखरेशी तिचा संबंध फक्त शब्दापुरता. शर्करा म्हणजे मुळात रेती, खडे. उसाच्या रसाचे तसे खडे होऊ लागले तेव्हा त्यांना तेच नाव मिळाले. आपली साखर त्या शब्दाची लेक आणि इंग्रजांची शुगर तिची दूरची बहीण. कृमिदंतकाची गोष्ट मात्र निराळी. दाताला कीड लागते असे आपण आजही म्हणतो, आणि दातात खरोखरचा किडा असतो ही समजूत बाबिलोनपासून युरोपापर्यंत सगळीकडे होती. फ्रान्सच्या पिएर फोशारने १७२८च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. १८९०मध्ये विलोबी मिलर या अमेरिकी संशोधकाने खरे कारण मांडले: तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. म्हणजे किडा नाही, पण जंतू आहेत; आणि ते दात खात नाहीत, साखर खातात.

या कसोटीवर दातवण कसे उतरते? बरे उतरते. कुंचल्यासारखे झालेले टोक दातांवरचा थर काढते, चघळताना लाळ सुटते, आणि लाळ आम्ल सौम्य करते. पण काडी दाढांच्या मागे नीट पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते, जे आजच्या टूथपेस्टमध्ये असते आणि कवचाची झीज भरून काढायला मदत करते. राखुंडीचे तर कौतुक जरा जास्तच झाले. गोवरीची राख, कुटलेला कोळसा, मीठ यांनी दात पांढरे दिसतात. पण जोराने घासले तर हिरड्यांजवळचा दात झिजतो. आमच्या घरातल्या दोन वृद्धांच्या सुळ्यांना त्या जागी खाचा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. गुळगुळीत खाचा, कानशीने पाडाव्यात तशा.

मग ऊस सोलणारे दात टिकले कशामुळे? माझे उत्तर असे की दातवणाने थोडे राखले आणि पंचांगाने पुष्कळ.

आमच्या घरात गोड कधी होई याची यादी आजीला तोंडपाठ होती, कारण ती छोटी होती. होळीला पुरणपोळी आणि गुळवणी, संक्रांतीला तिळगूळ, आखाजीला आमरस, पोळ्याला पुन्हा पुरण, दिवाळीला करंज्या नि लाडू, आणि मध्ये एखादे लग्न किंवा बारसे. थंडीत गुऱ्हाळ लागले की चार-सहा दिवस रस आणि काकवी. बाकी वर्षभर ज्वारीची भाकरी, डाळ, ठेचा. पाहुणा आला तर गूळपाणी: गुळाचा एक खडा आणि वर तांब्याभर पाणी. या जोडीतले पाणी मला महत्त्वाचे वाटते. उन्हातून आलेल्या माणसाची तहान भागावी म्हणून ते दिले जाई, पण खड्याचा चिकट अंश दातांवरून धुऊन नेण्याचे कामही तेच करी.

पंगतीतही गोडाची जागा ठरलेली होती. सुश्रुताच्या भोजनविधीत मधुर रस आधी, आंबट-खारट मध्ये आणि उरलेले रस शेवटी असा क्रम आहे. आमच्याकडे पुरणपोळी जेवणाच्या मध्यावर येई आणि पान उठे ते ताकभातावर. जेवण संपल्यावर मुद्दाम काहीतरी गोड मागवायचे, ही हॉटेलांनी लावलेली सवय आहे. आणि उठल्यावर चूळ. आजीचे ओरडणे ठरलेले असे: “चूळ भर आधी, मग हुंदडायला जा.” खळखळून तीन चुळा भरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. शिवाशिवीच्या, उष्ट्या-खरकट्याच्या कल्पना त्यामागे होत्या हे खरेच, आणि त्या कल्पनांनी माणसांना माणसांपासून तोडले हेही खरे. त्या कल्पना जाव्यात; चूळ राहावी.

या जुन्या शिस्तीत किती तथ्य आहे हे स्वीडनमधल्या एका प्रयोगाने नकळत दाखवून दिले, आणि तो प्रयोग आठवला की अंगावर शहारे येतात. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या मतिमंदांसाठीच्या संस्थेत तिथल्या रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घातली गेली. काहींना जेवणाबरोबर, काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफीच्या रूपात. संमती द्यायला ती माणसे समर्थ नव्हती आणि अनेकांच्या दातांची पार वाट लागली. निष्कर्ष १९५४मध्ये प्रसिद्ध झाले: जेवणाबरोबरच्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, अधूनमधून तोंडात टाकलेल्या, दातांना चिकटून राहणाऱ्या साखरेने झपाट्याने किडले. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरचे आम्ल वाढते आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे किती खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले हेही मोजावे लागते. इथे गुळाचा पक्ष घेणाऱ्यांना सांगायला हवे की जंतू गूळ आणि साखर असा भेद करत नाहीत. गूळ उलट जास्त चिकट. आजोबांच्या काळातला गूळ पवित्र होता म्हणून नव्हे, तर मोजका होता म्हणून दातांना परवडला.

मोजकेपणा मोडला कसा, हा आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचाच भाग आहे. १९००च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून गेली. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या या बाजारपेठेत कापूस बाहेर जाऊ लागला आणि बाहेरचा माल, त्यात चहा-साखर, आत येऊ लागला. १९३२मध्ये इंग्रज सरकारने साखरउद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि देशभर कारखाने वाढले. निजामाच्या राज्यातही त्याच दशकात बोधनला मोठा कारखाना निघाला. तरीही आमच्या गावात साखर ही दुकानदाराच्या आणि देशमुखाच्या घरची चीज. इतरांचा चहा गुळाचा आणि बहुधा कोराच, कारण गुळाने दूध नासते.

१९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी वाटली जाई. त्या गोड भुकटीची चव आमच्या मागच्या पिढीच्या तोंडात अजून आहे. उपाशी माणसाला गोड मिळावे याविषयी तक्रार कसली करायची? पण पैठणला तेव्हा धरणाचे काम चाललेच होते. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली होती आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. तो अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारांतून परभणीकडे जातो. ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला, अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना झाला, पुढे तीर्थपुरीलाही. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा या भागाचे रूप पालटू लागलेच होते. घराघरांत पैसा आला, मुले शिकली. कालव्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझे शिक्षण त्याच उसावर झाले. पण त्याच वर्षांत साखर पुड्यातून डब्यात आली, डब्यातून दिवसाला पाच वेळा कपात गेली, आणि पाठोपाठ गोळ्या, बिस्किटे, शीतपेये आली. सण वर्षातून सात-आठ. टपरीवरचा चहा दर दोन तासांनी. दातवणाच्या जागी ब्रश आला, पण चूळ कुठे गेली कोणास ठाऊक.

वारशातली घातक गोष्टही लिहून ठेवतो. आजीच्या पिढीतल्या बायका मिसरी लावत. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईतो भाजायचे, कुटायचे, डबीत भरायचे. दात दुखतात म्हणून सुरू होई आणि मग सुटत नसे. मिसरी लावल्याशिवाय सकाळ उजाडत नसे. तिने दातदुखी बधिर होई, बरी होत नसे. घरातल्या सुनेला सासूकडून मिळालेला हा वारसाच होता. आजीची धाकटी बहीण गालाच्या आतल्या जखमेने गेली; त्या जखमेला घरात शेवटपर्यंत ‘उष्णता’ म्हणत राहिले. १९९२मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. पण चुलीवरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार? माझ्या मते जुने ते सोने म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही डबी एकदा उघडून हुंगावी.

आमच्याकडे गुढीला लिंबाचा डहाळा आणि साखरेच्या गाठींचा हार एकाच काठीवर बांधतात. लहान मुलांच्या गळ्यात तर होळीपासूनच गाठी पडतात आणि मूल दिवसभर तो हार चोखत हिंडते. विपेहोल्मच्या टॉफीची ही आपली घरगुती आवृत्ती. आता आमच्या घरात हार गळ्यात पडतो, फोटो निघतो, आणि मग तो उतरवून ताटाशेजारी ठेवतात. जेवताना दोन गाठी, वर चूळ, रात्री ब्रश. पाच वर्षांच्या नातीने पहिल्या वर्षी रडून घर डोक्यावर घेतले. दुसऱ्या वर्षी तिने शेजारच्या पोराला चूळ भरायला लावले.

दरवर्षी कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होण्याच्या बेतात येतात. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही. पहाटे आई-बाप फडात गेल्यावर कोपीत राहिलेल्या पोराच्या हाती बिस्किटाचा पुडा असतो, आणि चूळ भर म्हणून ओरडणारी आजी मागे गावाकडे असते.