चार टेबलं आणि वाळूचं घड्याळ

२००८ च्या आसपास आमच्या ऑफिसात ऑनलाइन पोकरचं वेड शिरलं होतं. माझा रूममेट रात्री जेवण झालं की चार टेबलं एकदम उघडून बसायचा. मी म्हटलं, यात काय मोठंसं, आणि एका शनिवारी स्वतः बसलो. एका टेबलावर पानं बघून विचार करतोय तोवर दुसरं टेबल बीप करायला लागलं, तिसऱ्यावर वेळ संपून माझी चांगली पानं आपोआप फेकली गेली. तासाभरात सगळे पैसे गेले. (ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कायद्यानंतर आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळणंच बंद झालं. तेव्हा ही गोष्ट आता इतिहासजमा.)

मला वाटायचं की हे लोक भराभर विचार करतात. तसं नसतं हो! टेक्सास होल्डेममध्ये हातात येणाऱ्या दोन पानांचे वेगवेगळे प्रकार मोजले तर १६९ भरतात. त्यातली कुठली, कुठल्या जागी बसलेलो असताना खेळायची आणि कुठली बघताक्षणी टाकून द्यायची, हे रूममेटने आधीच कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलं होतं. दहातले सात-आठ हात विचार न करताच जायचे. उरलेल्या दोन-तीन हातांसाठी डोकं शिल्लक राहायचं. तो एकदम चार टेबलांवर गेलाही नव्हता. एक अंगवळणी पडलं की मग दुसरं. २०१२ मध्ये रँडी ल्यू नावाच्या खेळाडूने आठ तासांत २३,४९३ हात खेळून गिनीज विक्रम केला, तोही किंचित नफ्यात राहून. भागाकार करून बघा, सव्वा सेकंदाला एक हात पडतो. सव्वा सेकंदात कोण कसला विचार करणार?

हां, तर आता गडचिरोली. पोकरवरून थेट गडचिरोली म्हणजे गाडी रुळावरून घसरली असं वाटेल, पण थोडं थांबा.

१९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८५ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. पुढे त्यांनी ज्या गावांत बालमृत्यूंवर काम केलं, तिथे निमोनियाने पटापट मुलं जात होती. तपासणाऱ्या डॉक्टरकडे स्टेथोस्कोप असतो, एक्स-रे असतो, पण डॉक्टर गावात नसतो. टेबलं ५८ आणि खेळाडू मूठभर, अशी अवस्था. बरं, इथलं घड्याळही क्रूर. तान्ह्या मुलाला निमोनिया झाला तर तालुक्याला पोचेपर्यंत वेळ हातात राहीलच असं नाही.

मग निर्णयच गावात नेऊन ठेवायचा असं ठरलं. तिकडे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की खोकणाऱ्या मुलाचे मिनिटाचे श्वास मोजले तरी निमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि वर्षाच्या आतल्याला ५० हा उंबरा. एक्स-रे नको, छातीतले आवाज नकोत. फक्त एक आकडा.

पण गावात बाळंतपणं करणाऱ्या सुइणींपैकी अनेकींना पन्नास-साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. आमच्या धंद्यात अशा वेळी ‘युजरला ट्रेनिंग द्या’ म्हणून हात झटकतात. बंगांनी श्वास मोजायचं एक उपकरणच बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि सोबत सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वयाप्रमाणे मण्यांची रांग वेगळी. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात तर निमोनिया समजायचा आणि को-ट्रायमोक्झॅझोल द्यायचं. दहापर्यंत मोजता आलं की झालं! मला हे बघून इंटरफेस डिझाइनवरची कितीतरी पुस्तकं फेकून द्यावीशी वाटली.

गावच्या प्रयोगाचे आकडे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कार्यकर्ते आणि सुइणी यांनी उपचार केलेल्या ६१२ केसेसमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे निमोनियाचे मृत्यू ८.१, तर तिकडे १७.५.

आता माझ्या डोक्यातला किडा. असा एकच आकडा बघून निर्णय घेतला की तो कधीतरी चुकणारच. तापानेही श्वास वाढतो, दम्यानेही वाढतो. म्हणजे निमोनिया नसलेल्या काही मुलांना फुकटचं औषध जाणार. पोकरच्या तक्त्यातही चुका असतातच. खेळण्याजोगी पानं कधीकधी टाकली जातात. पण तिथे ‘नको’ म्हणण्याची चूक स्वस्त आणि ‘हो’ म्हणण्याची महाग, म्हणून शंका आली की पानं टाका. गडचिरोलीत बरोब्बर उलटं. चुकून दिलेलं औषध स्वस्त, आणि चुकून न दिलेलं म्हणजे एक मूल गेलं. तेव्हा शंका आली की औषध द्या. वेग दोन्हीकडे एकाच युक्तीने येतो, पण कुठली चूक चालवून घ्यायची हे कुणीतरी आधी शांतपणे बसून ठरवलेलं असावं लागतं. आम्ही रात्री सर्व्हरच्या अलार्मचे उंबरे ठरवतो तेव्हा हा विचार कितीदा करतो? मी तरी वर्षानुवर्षं केला नाही. कोणीतरी ९० टक्के लिहून गेला, मीही तेच ठेवलं. आणि एका रात्री डिस्क भरली तेव्हा अलार्म वाजला, पण रोज वाजतो म्हणून कुणी उठलंच नाही. असो.

एक आकडा पुरत नाही अशीही जागा त्यांना लागली. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग. तिथे सात लक्षणांची यादी झाली: दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय ढिले पडले, अशी. यातली कुठलीही दोन एकदम दिसली तर उपचार. गावातल्या बायका जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकल्या, यावरून टीकाही भरपूर झाली. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे काम चाललं. शेवटी तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी निघाला.

२०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या ‘आशां’कडे आलं. त्यांच्या पिशवीत मणी नाहीत, डिजिटल घड्याळ असतं. तान्ह्या बाळासाठी उंबरा मात्र तोच, ६०.