पूरक प्रणाली

पूरक प्रणाली ही रक्तात व ऊतींमधील द्रवात आढळणाऱ्या प्रथिनांची एक शृंखला असून ती जन्मजात प्रतिकारशक्तीचा प्रमुख भाग आहे. मानवात रक्तातील आणि पेशींच्या पृष्ठभागावरील मिळून ३० हून अधिक प्रथिने या प्रणालीत मोडतात. रक्तातील बहुतेक घटक यकृतात तयार होतात व निष्क्रिय स्वरूपात अभिसरणात राहतात. जीवाणूसारखा परका पृष्ठभाग आढळला की एक प्रथिन पुढच्याला छेदून कार्यरत करते आणि ते त्याच्या पुढच्याला. रक्त गोठण्याची क्रियाही अशाच टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्प्यावर परिणाम अनेक पटींनी वाढत असल्यामुळे काही मिनिटांत एका जीवाणूवर पूरक प्रथिनांचे लाखो रेणू बसू शकतात.

इतका वेगवान मारा शरीराच्या स्वतःच्या पेशींवरही होऊ शकतो. त्यामुळे पूरक प्रणाली समजून घेताना ती कशी सुरू होते याइतकेच ती कुठे व कशी रोखली जाते हेही महत्त्वाचे ठरते.

नाव व इतिहास

ताज्या रक्तरसात जीवाणू मरतात आणि रक्तरस तापवल्यास हा गुण नाहीसा होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. जर्मन शास्त्रज्ञ हान्स बुखनर यांनी या उष्णतेने नष्ट होणाऱ्या घटकाला ‘अलेक्सिन’ म्हटले. १८९५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी पटकीच्या जीवाणूंवर निर्णायक प्रयोग केले. या जीवाणूंविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तरस सुमारे ५५° से. पर्यंत तापवला की तो जीवाणूंना मारीनासा होई. परंतु त्यात लस न दिलेल्या प्राण्याचा थोडा ताजा रक्तरस मिसळताच ती शक्ती परत येई. म्हणजे या कामाला दोन घटक लागत होते. पहिला लसीकरणानंतर निर्माण होणारा व उष्णता सहन करणारा, म्हणजेच प्रतिपिंड. दुसरा प्रत्येक प्राण्यात आधीपासून असणारा, पण उष्णतेने नष्ट होणारा. पॉल एर्लिख यांनी या दुसऱ्याला प्रतिपिंडाच्या कार्याची पूर्तता करणारा म्हणून ‘पूरक’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत पूरक घटक निष्प्रभ करण्यासाठी रक्तरस ५६° से. तापमानास अर्धा तास ठेवण्याची रीत आजही चालू आहे.

हे नाव काहीसे फसवे आहे. सी३ या मध्यवर्ती घटकासारखी प्रथिने समुद्री अर्चिन आणि समुद्रफुले यांच्यासारख्या, प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या अपृष्ठवंशी प्राण्यांतही सापडतात. उत्क्रांतीच्या क्रमात पूरक प्रणाली आधीची आणि तिला जिचे ‘पूरक’ ठरवले गेले ती प्रतिपिंडांची व्यवस्था नंतरची आहे. प्रतिपिंडांशिवायही ही प्रणाली सुरू होऊ शकते, असे लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये प्रॉपर्डिन या प्रथिनाच्या शोधासह मांडले, तेव्हा त्यावर कठोर टीका झाली. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मूळ प्रतिपादन योग्य असल्याचे त्यानंतर सिद्ध झाले.

घटकांचे क्रमांक शोधाच्या क्रमाने दिले गेल्याने ते क्रियेच्या क्रमाशी पूर्णतः जुळत नाहीत. अभिजात मार्गात सी१ नंतर सी४, मग सी२ आणि त्यानंतर सी३ येतो. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. प्रथिन छेदले गेल्यावर होणाऱ्या तुकड्यांना ए व बी ही अक्षरे जोडतात. साधारणपणे लहान तुकडा ए आणि मोठा बी असतो. सी२ मात्र जुन्या पद्धतीत याला अपवाद आहे.

सी३ चे स्थान

सर्व मार्ग सी३ या प्रथिनाच्या छेदनापाशी एकत्र येतात. रक्तातील पूरक घटकांमध्ये याचेच प्रमाण सर्वाधिक असून ते एका मिलिलिटर रक्तरसात साधारण १ मिलिग्रॅम असते. सी३ च्या रेणूत थायोएस्टर नावाचा अत्यंत क्रियाशील रासायनिक बंध दडलेला असतो. सी३ छेदला जाऊन सी३ए हा छोटा तुकडा सुटला की उरलेल्या सी३बी मधील हा बंध उघडा पडतो आणि जवळच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल किंवा अमाइन गटाशी कायमचा जोडला जातो. ही संधी सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरतीच असते. तेवढ्यात पृष्ठभाग मिळाला नाही तर पाण्याशी अभिक्रिया होऊन बंध निकामी होतो. त्यामुळे सी३बी जेथे निर्माण होतो त्याच्या आसपासच चिकटतो व दूरवर पसरत नाही. मात्र हे रासायनिक गट जीवाणूंवर असतात तसेच मानवी पेशींवरही असतात. आपला आणि परका हा भेद सी३बी ला स्वतःला करता येत नाही.

सक्रियतेचे मार्ग

अभिजात मार्गाची सुरुवात सी१क्यू या सहा शिरांच्या प्रथिनापासून होते. त्याचा आकार फुलांच्या गुच्छासारखा असतो. प्रतिजनाला चिकटलेला आयजीएम प्रतिपिंडाचा एक रेणू किंवा जवळजवळ असलेले आयजीजी चे अनेक रेणू त्याला बांधून घेतात. मग त्याच्याशी संलग्न असलेली सी१आर व सी१एस ही विकरे जागृत होऊन सी४ आणि सी२ यांना छेदतात. त्यांच्या तुकड्यांपासून सी३ ला छेदणारे विकर, म्हणजे ‘सी३ कन्व्हर्टेज’, तयार होते.

लेक्टिन मार्गात प्रतिपिंडांचे काम मॅनोज-बंधक लेक्टिन आणि फिकोलिन ही प्रथिने करतात. ती जीवाणू व बुरशी यांच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करारचना ओळखतात. पुढील क्रम अभिजात मार्गासारखाच असतो.

पर्यायी मार्गाला अशा कोणत्याही ओळखीची गरज नसते. रक्तातील सी३ चे काही रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन सतत, अगदी संथ गतीने, आपोआप बदलत असतात. बदललेला सी३ हा बी घटकाशी जोडला जातो, डी घटक त्या बी ला छेदतो आणि थोडेसे सी३ कन्व्हर्टेज तयार होते. त्यातून निर्माण झालेला सी३बी एखाद्या पृष्ठभागावर बसला की तो पुन्हा बी घटकाला बांधतो. अशा प्रकारे तेथे नवे कन्व्हर्टेज तयार होऊन आणखी सी३बी मिळतो. प्रॉपर्डिन या कन्व्हर्टेजला स्थिरता देते. हे चक्र इतर दोन मार्गांनी सुरू झालेली क्रियाही वाढवते. थोडक्यात, निरोगी माणसाच्या रक्तातही पूरक प्रणाली पूर्णपणे थांबलेली कधीच नसते.

परिणाम

जीवाणूवर बसलेला सी३बी व त्याचे विघटित रूप यांना पकडणारे ग्राही भक्षक पेशींवर असतात. थर चढलेला जीवाणू त्यांना सहज गिळता येतो. बहुतेक संसर्गांत पूरक प्रणालीचे हेच सर्वांत उपयुक्त काम आहे. सी३ए आणि विशेषतः सी५ए हे सुटे तुकडे दाह निर्माण करतात: रक्तवाहिन्या सैलावतात, मास्ट पेशींमधून हिस्टामीन बाहेर पडते आणि श्वेतपेशी संसर्गाच्या जागी ओढल्या जातात.

सी५ छेदला गेल्यावर सी५बी भोवती सी६, सी७, सी८ आणि शेवटी सी९ चे अनेक रेणू जमून पेशीपटलात सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे आरपार छिद्र तयार होते. याला पटल-आक्रमक संकुल म्हणतात. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमुळे पूरक प्रणाली म्हणजे हे छिद्र असाच समज होतो. वास्तविक जाड भित्ती असलेल्या ग्रॅम-धन जीवाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. नायसेरिया वंशाच्या जीवाणूंविरुद्ध मात्र ते अत्यावश्यक आहे. सी५ ते सी९ पैकी एखादा घटक जन्मतः नसलेल्या व्यक्तींना मेनिंगोकोकसचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका इतरांपेक्षा हजारो पट असतो.

प्रतिपिंड व प्रतिजन यांच्या जोडणीतून बनलेली संकुले रक्तातून काढून टाकणे हेही या प्रणालीचे काम आहे. तांबड्या पेशी त्यांच्यावरील ग्राहींच्या साहाय्याने ही संकुले यकृत व प्लीहा यांच्याकडे वाहून नेतात. सी१क्यू चा जन्मजात अभाव असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना ल्युपस हा स्वप्रतिरक्षा विकार होतो, तो या सफाईतील बिघाडामुळे असे मानले जाते.

नियंत्रण

शरीराच्या पेशी वाचतात त्या त्यांच्यावरील व रक्तातील नियंत्रक प्रथिनांमुळे. रक्तातील एच घटक मानवी पेशींवरील सियालिक आम्ल व तत्सम शर्करा ओळखून तेथे बसतो आणि आय घटकाकरवी सी३बी ला निकामी करवतो. पेशीपटलावरील सीडी५५ हे प्रथिन कन्व्हर्टेज मोडते, तर सीडी५९ हे सी९ ची जुळणी रोखते. जीवाणूंवर असे संरक्षण सहसा नसते आणि तेथे चक्र अनिर्बंध चालते. या प्रणालीत परका म्हणजे ज्याच्याकडे रोधक नाहीत तो.

काही रोगजंतूंनी नेमके हेच हेरले आहे. मेनिंगोकोकस आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाने मानवी एच घटक पकडून अंगावर बाळगतो; ते प्रथिन आता बी गटाच्या मेनिंगोकोकसविरोधी लशींमध्ये वापरले जाते. देवीच्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणू तर पूरक-नियंत्रक प्रथिन स्वतःच तयार करतो.

बिघाड व उपचार

पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्यूरिया या विकारात अस्थिमज्जेतील मूलपेशीत नंतर उद्भवलेल्या उत्परिवर्तनामुळे काही रक्तपेशींवर सीडी५५ व सीडी५९ टिकू शकत नाहीत. अशा तांबड्या पेशी रुग्णाच्याच पूरक प्रणालीकडून फुटतात. रक्तक्षय, गडद रंगाची लघवी आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या ही त्याची लक्षणे होत. एच घटकातील दोषांमुळे अटिपिकल हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम हा मूत्रपिंडे निकामी करणारा विकार होतो. भारतीय बालरुग्णांत त्याचे एक ठळक कारण म्हणजे एच घटकाविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे. अशा मुलांत रक्तद्रव बदलणे व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देणे हे उपचार वेळीच सुरू झाल्यास मूत्रपिंडे वाचू शकतात. रक्तातील सी३ व सी४ यांची पातळी मोजण्याची चाचणी ल्युपस आणि काही मूत्रपिंडविकारांच्या निदानात नेहमी केली जाते.

सी५ चे छेदन रोखणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. सी३ ला रोखणारा कॉम्पस्टॅटिन हा लहान पेप्टाइड १९९६ मध्ये अरविंद साहू, ब्रायन के आणि जॉन लँब्रिस यांनी प्रसिद्ध केला. साहू यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पूरक प्रणालीवर संशोधन केले. त्याच पेप्टाइडवर आधारित पेगसेटाकोप्लॅन या औषधास २०२१ मध्ये मान्यता मिळाली. सी५ रोखल्यास प्रामुख्याने मेनिंगोकोकसचा धोका वाढतो. सी३ रोखल्यास न्यूमोकोकससारख्या इतर आवरणयुक्त जीवाणूंचाही वाढतो. म्हणून शक्य असेल तेव्हा ही औषधे सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे रुग्णाला संबंधित लशी दिल्या जातात आणि लस घेतल्यानंतरही ताप आल्यास तत्काळ वैद्यकीय तपासणी करण्यास सांगितले जाते.