हँडल, चोक आणि पौषातली पहाट

नाशिकला आमच्या शेजारच्या काकांची जुनी अँबॅसडर होती. पौषातल्या पहाटे ती काही केल्या जागी व्हायची नाही. मग काका चोक ओढीत, पुढे हँडल अडकवीत आणि मला दटावीत, "दूर हो!" अंगठा ते बोटांच्याच बाजूला ठेवीत. हँडलने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, हे ज्ञान त्यांनी एकदा अंगठा मोडूनच मिळविले होते.

असे हात देशोदेशी मोडले. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने त्यावर तोड काढली. त्याने पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. ती फिरे क्षणभरच, पण जोरात. इंजिनाला तरी दुसरे काय हवे होते? १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू अडीअडचणीपुरते उरले.

चोक मात्र राहिला. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थेंब वाटेतच नळीला चिकटून बसतात. म्हणून चोक हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवी. त्यातून गारठलेले तेल दाट, इंजिन फिरायला जड. तेव्हा चोकसरशी थ्रॉटलही जरा उघडे आणि उभी गाडी गुरगुरत राही. तो आवाज उतरेपर्यंत काकांचा चहा होई.

आमच्या गाडीला ना चोक, ना कार्ब्युरेटर. इंजिन किती गार आहे हे पाहून संगणकच पेट्रोल ठरवितो. तरी थंडीत तीही मिनिटभर गुरगुरतेच. सौभाग्यवती किल्ली फिरवितात, आणि मी मात्र बंपरपासून दोन पावले मागे सरतो.