टीबीची दुर्बीण

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दवाखान्यांच्या पाट्या वाचत निघालं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनचं कुणालाच नवल राहिलेलं नाही हे कळतं. पण सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या फुफ्फुसातली कर्करोगाची गाठ तशीच काढायची म्हटली, की घरचे बिचकतात : या वयात छातीला हात लावायचा?

छातीत दुर्बीण शिरली ती टीबीपायी. 1910 साली स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी मूत्राशय तपासायची नळी फासळ्यांमधून आत घातली. फुफ्फुस छातीला चिकटवून ठेवणारे पट्टे ते पुढे तिच्याच आधारे तोडू लागले. मग हवा भरून फुफ्फुस मिटवता येई, त्याला विश्रांती मिळे. आपल्या भागातले क्षयरोगी तेव्हा मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमकडे जात. टीबीवरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ही दुर्बीण बाजूला पडली.

कर्करोगाला मात्र मोठी चीरच लागे. 1933 मध्ये सेंट लुइसला एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी एका डॉक्टराचं अख्खं फुफ्फुस काढून त्याला वाचवलं. तेव्हापासून पाठीपासून काखेखालून पुढं येणारा छेद आणि फाकवलेल्या फासळ्या हा शिरस्ताच झाला. तरणा माणूस हे सोसतो. म्हातारा दुखतं म्हणून खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया गाठतो. गाठ निघते आणि माणूस हातचा जातो.

1991 मध्ये मिलानच्या जानकार्लो रोव्हियारो यांनी कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीने फुफ्फुसाचा एक खंड काढला, फासळ्या न फाकवता. 2010 मध्ये स्पेनच्या दिएगो गोन्झालेझ-रिव्हास यांनी ते एकाच छिद्रातून केलं. आता ऑपरेशननंतर लगेच आजोबांच्या हाती तीन गोळ्यांचं यंत्र येतं : श्वास ओढायचा, एक गोळी वर, मग दुसरी. तिसरी उचलेपर्यंत नातवंडं ओरडून जोर देतात. ब्रिटनमधल्या 503 रुग्णांच्या चाचणीत दुर्बीणवाले 4 दिवसांत घरी गेले, मोठ्या चिरेचे 5 दिवसांत. पाच आठवड्यांनी हालचालीतही दुर्बीणवालेच सरस होते.

नुसत्या वयावरून नकार देणं मला अन्यायाचं वाटतं. जिना चढता येतो का, फुफ्फुसांची तपासणी काय सांगते, ते पाहा. जुना टीबी झालेल्यांत मात्र तेच चिकटलेले पट्टे आडवे येतात. कधी छाती उघडावीच लागते. आणि टीबीच समजून महिनोन्‌महिने गोळ्या देण्यात वेळ गेला, तर कुठलंच ऑपरेशन उरत नाही. थुंकीत जंतू नसतील आणि एक्स-रेतला डाग औषधांनी हटत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासून घ्यायला उशीर लावू नका.